रविवारच्या भागाचा नंबर

टीव्हीवरच्या मालिकेच्या कुठल्या भागाला कितवा नंबर द्यायचा यावरून माणसं भांडतात, हे मी सासरी कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांची आठवडाभर करमणूक झाली असती. पण भांडतात. मी स्वतः भांडले आहे. पुण्याच्या एका अनोळखी गृहस्थांशी भांडले, आणि त्यांच्यासमोर आपण सरळ दिसावं म्हणून माझ्या वडिलांशी. पहिल्या भांडणाचं मला काही वाटत नाही.

जगभरच्या मालिकांची माहिती साठवणारी एक साइट होती, अजून आहे. प्रत्येक भागाचा नंबर, तो पहिल्यांदा कधी दाखवला ती तारीख, कथेच्या दोन ओळी. हे सगळं तुमच्याआमच्यासारखे लोक हौसेनं, फुकट भरतात. मी तेव्हा अकोल्याच्या एका शाळेत कॉम्प्युटर शिकवायचे. एका रिकाम्या तासाला ती साइट चाळताना दिसलं की कुठल्या कुठल्या देशांच्या मालिका तिथे नांदतायत आणि मराठीच्या नावाने नुसतं पटांगण आहे. मला राग आला. माझी बरीचशी कामं रागाने सुरू होतात. वर्षभरात मी तिथे इतकं भरलं की त्यांनी मला मराठीची मॉडरेटर केलं. म्हणजे इतरांनी भरलेलं तपासायचं आणि वाद झाला तर निकाल द्यायचा. पगार नाही, मान नाही, पण निकाल द्यायचा. ते मला फार आवडायचं.

बाबा अमरावतीला एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, वजनकाट्यावर होते. कापसाची बंडी, म्हणजे बैलगाडी, गेटातून आत आली की तिला टोकन द्यायचं, नंबराप्रमाणे काट्यावर घ्यायचं, वजन लिहायचं, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. वऱ्हाडातली ती वर्षं कशी होती ते सगळ्यांनी पेपरात वाचलं आहे, मी पुन्हा सांगत बसत नाही. आमच्या घरापुरतं एवढंच झालं की गेटातून येणाऱ्या गाड्या कमी कमी होत गेल्या, गावोगावी लोक सोयाबीन पेरायला लागले, आणि एका दिवाळीनंतर जिन उघडलंच नाही. मालकाने तिथे ले-आउट पाडून प्लॉट विकायचं ठरवलं म्हणे. बाबांचं निवृत्तीचं वय तसंही आलंच होतं, त्यामुळे त्यांच्यावर अन्याय झाला असंही कुणाला वाटलं नाही.

पण ते रोज सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून जिनच्या गेटासमोरच्या टपरीवर जाऊन बसायचे. दुपारी जेवायला घरी यायचे, पुन्हा जायचे. आई फोनवर सांगायची, "बंद गेटाकडं पाहत बसतेत थे. लोकं काय म्हणतीन?" लोक काय म्हणतील याची मला फिकीर नव्हती. पण शाळेत शिकवता शिकवता मध्येच मला ते गेट दिसायचं, त्याच्यासमोर बाबा दिसायचे, आणि फळ्यावर काय लिहीत होते ते मी विसरायचे.

मी नवीन कॉम्प्युटर घेतला तेव्हा जुना उचलून अमरावतीला नेला. बरोबर यूपीएस. टेलिफोनच्या तारेवरचं इंटरनेट बसवून दिलं. आई रोज एक मालिका पाहायची, एका मोठ्या घरातल्या तीन सुनांची. मी बाबांना म्हटलं, "ही मालिका तुमची. रोजचा भाग पाहायचा आणि साइटवर भरायचा."

"अन् पाहते कोन हे?" त्यांनी विचारलं.

"जगभरचे लोक."

हे काही अगदीच खोटं नव्हतं. बाबा एका बोटाने टाइप करायला शिकले. त्यांच्या दोन ओळींच्या कथा इतक्या नेटक्या असायच्या की मी त्यात कधी काही बदललं नाही. महिनाभरात ते गेटावर जायचे बंद झाले. मी सगळ्यांना हौसेनं सांगायचे की बाबांना मी कामाला लावलं. खरं सांगायचं तर बाबांना काम मिळालं यापेक्षा माझा घोर मिटला याचाच आनंद मोठा होता. तेव्हाही मला हे कळत होतं.

मग पुण्याच्या गृहस्थांचा पहिला निरोप आला. ते आमच्या साइटवरचे जुने सदस्य. त्यांचं मराठी फार शुद्ध. "आपण कृपया या मालिकेच्या मूळ प्रक्षेपणाच्या तारखा पडताळून पाहाल का?" मी पडताळल्या. बाबांनी भरलेला प्रत्येक भाग एक दिवस पुढे होता. प्रत्येक.

मी अमरावतीला फोन लावला. "बाबा, तारखा चुकतायत."

"कशा चुकतीन? आज दुपारी पाह्यला, आजचीच टाकली."

"पण तो भाग काल रात्री आठला लागला होता. दुपारी दाखवतात तो पुन्हा दाखवतात."

"काल आठले आपल्या इकडं लाइट कुठं होती?"

लोडशेडिंगची ती वर्षं. अमरावतीला आमच्या भागात संध्याकाळचे तास अंधाराचे असायचे, आणि आई-बाबा दुसऱ्या दिवशी दुपारचं पुनर्प्रक्षेपण पाहायचे. अकोल्याचं माझं घर सरकारी दवाखान्याच्या लाइनवर होतं. तिथली लाइट सहसा जात नसे. आई दर फोनला लाइटीचं रडगाणं गायची आणि मी "हो ना" म्हणायचे. अर्धा मुलूख संध्याकाळी अंधारात बसतो हे मला ठाऊक होतं, पण साइटवर बसले की माझ्या डोक्यातून ते पार निघून जायचं.

"ते बरोबर आहे बाबा, पण तारीख पहिल्यांदा लागला तेव्हाची टाकायची असते."

"बंडी गावातून कवा निघाली हे काटा पुसत नाई," बाबा म्हणाले. "काट्यावर आली, तवाची तारीख."

मला हसू आलं. समजावून सांगायचं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. मी म्हटलं, नंतर बोलू.

पण पुढचा घोळ मोठा होता. ही मालिका सोमवार ते शनिवार रोज अर्धा तास लागायची, आणि मधूनच एखाद्या रविवारी एक तासाचा महाएपिसोड. आता या रविवारच्या भागाला नंबर कितवा? पुण्याच्या गृहस्थांचं म्हणणं, एक तास म्हणजे दोन भाग, दोन नंबर द्या. आणखी एकदोघांचं म्हणणं, तो खास भाग आहे, त्याला मुख्य रांगेत घ्यायचंच नाही. साइटवर खास भागांसाठी वेगळा कप्पा होता, त्याला शून्य हंगाम म्हणायचे. तिथे टाकलेला भाग रोजच्या मोजणीत येत नाही. आणि बाबांनी काय केलं होतं, तर रविवारच्या भागाला सोमवारची तारीख आणि सोमवारचा पहिला नंबर देऊन टाकला होता. रविवारी लाइट असायची, त्यांनी तो रविवारीच पाहिला होता, तरीही.

"रविवारी जिन बंद राहे," त्यांनी मला समजावलं, जसं काही मला ते ठाऊकच नव्हतं. "रविवारी आलेली बंडी गेटाबाहेर थांबे. सोमवारी गेट उघडलं का पयला नंबर तिचा. दुसऱ्या कोनाचा कसा राहीन? ते रातभर थांबेल असते."

"अन् दिवाळीचा भाग? त्यात दुसऱ्या मालिकेतली माणसं येऊन नुसती नाचतात. त्यालासुद्धा तुम्ही नंबर दिलाय. कथा कुठे आहे त्यात?"

"बंडीत काय हाय ते काटा पाहत नाई, बाई. तोल झाला का नंबर."

"असे भाग शून्यात टाकायचे असतात, बाबा."

"शून्य नंबराची बंडी म्या जलमात नाई पाह्यली."

मागून आईचं हसू ऐकू आलं. मीही हसले. बाबाही हसले असावेत. त्या फोनवर आम्ही तिघं हसलो होतो, हे मला मुद्दाम लिहून ठेवायचं आहे, कारण त्यानंतर तसं हसणं बरेच दिवस झालं नाही.

दोन दिवसांनी पुण्याच्या गृहस्थांनी साइटच्या चर्चेच्या पानावर, सगळ्यांना दिसेल असं लिहिलं: "सदर सदस्याच्या चुका वारंवार दाखवूनही मॉडरेटर महोदया त्यांना पाठीशी का घालत आहेत, हे कळत नाही." शाळेच्या लॅबमध्ये ते वाचताना माझे कान तापले. आपण पकडले गेलो असं वाटलं. गंमत अशी की तो सदस्य माझा बाप आहे हे तिथे कुणाला माहीतच नव्हतं. टोपणनावाने भरायचे ते. फक्त मला माहीत होतं.

मी निकाल दिला. कथा पुढे नेणारा रविवारचा भाग रांगेत, एक नंबर. सणासुदीचे नाचगाण्याचे भाग शून्यात. तारीख मूळ प्रक्षेपणाची. निकाल म्हणून तो आजही मला बरोबर वाटतो. तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण मला पुण्याला दाखवायचं होतं की मी कुणाची भीड ठेवत नाही. म्हणून खाली लिहिलं: "सदर सदस्यास मूळ प्रक्षेपण आणि पुनर्प्रक्षेपण यांतील फरक समजलेला नाही. त्यांच्या आजवरच्या सर्व नोंदी अविश्वसनीय धराव्यात. त्यांनी त्या स्वतः दुरुस्त कराव्यात आणि तोपर्यंत नवीन भाग भरू नयेत."

हे सगळं मी शुद्ध मराठीत लिहिलं. पुण्यापेक्षा शुद्ध. लिहून झाल्यावर दोनदा वाचलं आणि मला ते आवडलंही.

आणि यातलं काहीच करायची गरज नव्हती. मॉडरेटरला एक सोय असते. एखाद्या मालिकेच्या सगळ्या तारखा एकदम एक दिवस मागे घेता येतात, सगळे नंबर एका झटक्यात सरकवता येतात. चहाला आधण येईपर्यंत ते काम झालं असतं. कुणी विचारलंही नसतं. पण मला वाटलं, ज्याने पसारा केला त्यानेच आवरावा. वर्गात मुलांना मी हेच सांगायचे.

बाबांचा फोन आला नाही. मीही केला नाही. आठवडा गेल्यावर आईला केला, बाबा घरी नसतील अशी वेळ पाहून. ते घरी नव्हतेच.

"पुन्हा गेटावर जाऊन राह्यले तुये बाबा," आई म्हणाली. "म्या म्हटलं, आता काय झालं? तं म्हणते, काई नाई, उगाच. तू काई बोलली काय त्याईले?"

"नाही," मी म्हटलं. आणि हे खरं होतं. बोलले नव्हते, लिहिलं होतं.

त्या दिवसांत माझं कशात मन लागेना. पोळी लाटताना, पेपर तपासताना, मला ते इस्त्रीच्या शर्टात टपरीच्या बाकावर बसलेले दिसायचे. जगभरचे लोक पाहतात म्हणून मीच त्यांना तिथून उठवून आणलं होतं, आणि त्या जगभरच्या लोकांसमोरच त्यांना अविश्वसनीय म्हटलं होतं. रोज ठरवायचे की आज फोन करून सांगू, बाबा, सोडा ते, मी करते दुरुस्त. फोनपर्यंत हात जायचा. मग वाटायचं, त्यांनी विचारलं की असं लिहिलंस कशाला, तर काय सांगायचं? मालिकेच्या पानावर काही बदल झाला की मला सूचना यायची, ती मी बंद करून टाकली. त्या पानाचं नाव दिसलं तरी मी घाईने दुसरं पान उघडायचे.

मग एकदा आई म्हणाली, "आता पुन्हा काम्प्युटरवर बसून राह्यतेत. लाइट आली का बसलेच. शिरियल बी पाहत नाईत. जेवाले चारदा हाका माराव लागते."

"गेटावर जात नाहीत?"

"नाई जात."

मला इतकं हलकं वाटलं. विसरले म्हणायचे, सोडून दिलं त्यांनी, असं मी स्वतःला सांगितलं. काय करतायत हे आईला विचारलं नाही. पाहणं तर माझ्या हातातच होतं, साइट उघडायचा अवकाश. ती मी उघडली नाही.

शाळेला सुट्टी लागली तशी अमरावतीला गेले. सकाळची बस, मूर्तिजापूरला थांबली तेव्हा वेलदोडा घातलेला चहा घेतला, बडनेऱ्याला उन्हं चांगली वर आली होती. घरी पोचले तेव्हा बाबा कॉम्प्युटरसमोर होते. पाठ माझ्याकडे. वळून न पाहता म्हणाले, "ये बाई. बस. थोडेच राह्यले आता."

"काय करताय?"

"तू सांगतलं थेच. सारे मांगं घेऊन राह्यलो. आजकाल सकाळची बी लाइट जाते, त्याच्या आत हे पान होते."

मी खुर्ची ओढून बाजूला बसले. ते एक एक भाग उघडत होते, तारीख पुसून नवी टाकत होते, नंबर बदलत होते. एका बोटाने. साइटवर कुठलाही बदल केला की कारण लिहायची एक चौकट भरावी लागते. आम्ही सगळे तिथे काहीही टाकतो. कुणी 'दुरुस्ती' लिहितं, कुणी नुसतं टिंब देतं. पुण्याचे गृहस्थही टिंबच द्यायचे. मी बदलांचा इतिहास उघडायला सांगितला. बाबांनी कौतुकाने उघडून दाखवला.

"चूक माझी होती. लाइट नव्हती म्हणून दुसऱ्या दिवशी पाहिला. क्षमस्व."

त्याच्या खालीही तेच. त्याच्याही खाली. चिकटवलेलं नव्हतं, कारण कुठे क्षमस्वचं शमस्व झालं होतं, कुठे पूर्णविराम राहिला होता. प्रत्येक वेळी त्यांनी ते नव्याने टाइप केलं होतं. रविवारच्या भागांना वेगळं कारण होतं: "रविवार धरला नाही. चूक माझी होती. क्षमस्व." दिवाळीच्या भागापाशी: "याला शून्यात टाकले. आधी समजले नाही. क्षमस्व." मी खाली खाली जात राहिले. पान संपेना.

तो इतिहास पुसता येत नाही. मॉडरेटरलाही येत नाही, मी नंतर सगळं करून पाहिलं. काही वर्षांनी वाहिनीने आपले जुने भाग स्वतःच इंटरनेटवर टाकले, स्वतःचे नंबर देऊन. ते माझ्याशीही जुळले नाहीत आणि पुण्याशीही नाहीत. साइटने मुकाट्याने वाहिनीचे आकडे घेतले. आमच्या भांडणातला एक आकडा आज तिथे उरलेला नाही. इतिहासात बाबांच्या ओळी मात्र आहेत, भागाभागाखाली एक.

"बराबर हाय ना?" बाबांनी विचारलं. "पाहून घे. थो पुण्यावाला तुले बोलला तिथं साऱ्याइसमोर. म्या वाचलं. माह्यापाई तुले बोलणं बसलं, बाई. म्हटलं, एकडाव सारं निस्तरून टाकू, मंग तुले कोनी काई म्हणणार नाई."

मी अविश्वसनीय म्हटल्याचा विषय त्यांनी काढलाच नाही. त्यांनी तेही वाचलं असणार, ते त्याच्या लगेच खाली होतं.

त्यांचा हात माउसवर होता, मनगटाला त्यांनी सुती रुमाल बांधला होता. आई मागून म्हणाली, हात दुखते म्हणून बांधला. मला रडू आवरेना आणि मला ते दाखवायचंही नव्हतं, म्हणून मी चिडून बोलले. माझं नेहमी असंच होतं.

"कशाला हो बाबा एवढं करत बसलात? हे सगळं मी एका झटक्यात करू शकले असते. मॉडरेटरला सोय असते तशी. एक बटन दाबायचं असतं फक्त."

बाबांचं बोट थांबलं. त्यांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता. एखादी गोष्ट खरंच माहीत करून घ्यायची असते तसं त्यांनी विचारलं,

"मंग केलं काहून नाई?"

तेवढ्यात लाइट गेली. पंखा मंदावत थांबला, यूपीएस ओरडायला लागला, आणि बाबा घाईघाईने समोरचा भाग जतन करायला वळले. जिथे लाइटीवाचून लोकांची संध्याकाळ अंधारात जायची, त्या घरात बसून मी लाइट गेल्याबद्दल मनातल्या मनात देवाचे आभार मानले. बाबांनी पुन्हा कधी विचारलं नाही.